वाचणारीचे डोळे

आमच्या गल्लीत वाचता येणारी बाई एकच होती, आणि ती मी. हे गर्वानं सांगत नाही. गर्व तेव्हा होता. आता नुसती माहिती म्हणून सांगते.

महाराजांनी गावोगावी सक्तीच्या शाळा काढल्या, त्याच्या आधीची गोष्ट. कोल्हापुरात नळ होता, आगगाडी होती, पण रंकाळ्याकडं जाणाऱ्या आमच्या गल्लीत तेवीस उंबरे, आणि त्या तेवीस उंबऱ्यांत बाळबोध आणि मोडी दोन्ही वाचणारी बाई मी एकटी. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की कृष्णात पोस्टमन कार्डं टाकून जायचा आणि बायका ती पदराखाली धरून माझ्या सोप्यात यायच्या. मी वर बसायची, त्या खालच्या पायरीवर. असं बसा म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण वर या असंही कधी म्हटलं नव्हतं. या पायरीबद्दल पुढं बोलावं लागणार आहे, म्हणून आत्ताच नोंद करून ठेवते.

वाचण्याबद्दल मी कधी काही घेतलं नाही. कुणी चार वांगी ठेवून गेलं, कुणी ताकाचं गाडगं, तर ते परत करून त्यांचा अपमान करायचा नाही, एवढंच माझं धोरण होतं.

आमचे ‘हे’ मोजणी खात्यात कारकून. तुळशीचं लग्न लागलं की मोजणीची मंडळी साखळ्या आणि तंबू घेऊन भुदरगडाकडच्या डोंगरांत जायची, ती शिमगा उलटल्यावर उन्हानं रापून परत यायची. मला नांदायला येऊन दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं जवळजवळ एक मी भिंतीशी बोलण्यात काढलं होतं. सासूबाई प्लेगात गेलेल्या, माझी आई त्याच्याही आधी. नृसिंहवाडीला वडील होते, पण तिथं सावत्र आई होती, आणि मी आलेली तिला फार आवडते असं ती इतक्यांदा म्हणायची की जायला भीती वाटे. तेव्हा शेजारच्या तानाबाईवर मला सोपवून हे गेले. तानाबाई म्हशीवाली, माझ्या दुप्पट वयाची. महिन्याचे ते चार दिवस मी बाजूला बसले, की मागच्या दारात दोन भाकऱ्या ठेवून जाणारी तीच. रात्रीच्या सोबतीला ती आपल्या सासूला धाडायची. सासू ठार बहिरी होती. दिवसभरात कुणाचं पत्र आलं नाही तर संध्याकाळी दिवा लावताना मी देवापुढं मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, आपला आवाज शिल्लक आहे का ते बघायला.

मार्गशीर्ष सरता सरता ह्यांचं कार्ड आलं. त्याआधी मी एक पत्र घातलं होतं. संक्रांतीला याल का, एवढंच विचारायचं होतं. पण एकदम असं विचारणं बरं दिसत नाही, म्हणून मांजर, गोवऱ्या आणि मागच्या दाराची कडी अशा तीन विषयांना वळसा घालून शेवटी विचारलं होतं. त्याचं हे उत्तर. माणसाचा जन्म नकाशे काढण्यात गेला की त्याला जागा वाया घालवणं सोसत नाही. ह्यांचं अक्षर मोहरीएवढं, तेही मोडी. आणि जागा संपली की शेवटची ओळ समासात आडवी. कार्डाचा बाकी मजकूर कुणीही वाचावा असा असायचा. समासातली ओळ तेवढी माझी.

मी कार्ड डोळ्यांपुढं धरलं आणि अक्षरं हलली.

डोळे पुसले, धुतले, कार्ड लांब धरलं, नाकाला लावलं. सोप्यात बघितलं, परसात बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. मुंग्यांची रांग पुसून काढावी तसा सगळा मजकूर फासला गेला होता. पत्त्यातलं ‘कोल्हापूर’ मोठ्या अक्षरात होतं, ते लागलं. म्हणजे नवऱ्याच्या पत्रातलं मला एवढंच कळलं की ते कोल्हापूरला आलंय. ते मला माहीत होतं.

दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं म्हटलं तर गल्लीत वाचणारी मीच. राहिला कृष्णात पोस्टमन. नवऱ्याची समासातली ओळ परक्या पुरुषानं मोठ्यानं वाचायची आणि मी ती खाली मान घालून ऐकायची, या कल्पनेनंच मला पुन्हा मळमळलं. मळमळ तशी आठ दिवस होतीच. डोळ्यांतलं पाणी पोटात उतरत असणार, असं मी माझं निदान करून टाकलं होतं.

मग मी कार्ड देवांच्या पाटाखाली ठेवलं आणि त्यात काय असेल ते स्वतःच ठरवलं. संक्रांतीला येतो, असंच असणार. ‘येत नाही’ लिहायला एवढा मजकूर कशाला लागतो?

दोन दिवसांनी तानाबाई आली. पायरीवर बसली, पदराखालून कार्ड काढलं.

“वैनी, कबनूरच्या दादाचं हाय. बगा की काय म्हंतोय.”

कबनूरचा हा दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, बाळासो. मागच्या पत्रात त्याच्या लेकीचं, हिराचं, रुकडीच्या स्थळाशी जुळत आल्याचं मीच वाचलं होतं. मी कार्ड हातात घेतलं. पुन्हा तोच सारवल्यासारखा काळा पट्टा. ‘मला दिसत नाही’ एवढं म्हणायचं होतं. तेवढ्यात माझी नजर पायरीवर बसलेल्या तानाबाईकडं गेली. ती तोंड वर करून माझ्याकडं बघत होती. असं कुणी बघत असताना खाली उतरणं माझ्यानं झालं नाही.

“‘आपल्या कृपेने चि. हिराचे लग्न ठरले,’” मी वाचलं. “‘येत्या बेस्तरवारी साखरपुडा. केरबा पावण्यांसह सर्वांनी अगत्य येणे.’”

केरबा म्हणजे तानाबाईचा नवरा. चार वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या घरी रश्श्यावरून भांडण होऊन तो ताटावरून उठला होता आणि त्यानंतर कबनूरच्या वाटेला गेला नव्हता. केरबाचा आवाज असा की त्यानं कानात काही सांगितलं तर नळावर ऐकू जावं.

“मला बलीवलंय?” तो शेजारच्या अंगणातून ओरडला. “माझं नाव घालून?”

“नाव घालून,” मी म्हटलं. आता मागं फिरायला वाट नव्हती.

बेस्तरवारी पहाटे त्यांची बैलगाडी निघाली. केरबानं लाल फेटा बांधला होता. गाडीत नारळ होते, लुगडं होतं, हिरासाठी इमामबीकडून घेतलेला चुडा होता. मी दारात उभी राहून हात केला आणि घरात येऊन देवापुढं बसले. हिराचं लग्न खरोखरच ठरू दे, म्हणून मी तासभर देवाला वेठीला धरलं. कार्डात असेल ते आधीच घडून गेलेलं, तेव्हा देवाच्याही हातात फारसं काही नसणार, हे मला कळत होतं.

शुक्रवारी दोघं परत आली. “कसं झालं?” मी विचारलं. “झालं की सगळं,” तानाबाई म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून आत गेली. केरबा काहीच बोलला नाही. केरबा बोलला नाही, ही गल्लीच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती.

आणि दुसऱ्या दिवसापासून नळावर माझ्याशी कुणी बोलेना.

बोलेना म्हणजे अगदी अबोला नव्हे. मी आले की बायकांचं बोलणं तटकन थांबायचं. एकमेकींकडं बघायच्या. रांग असली तरी मला पुढं घालायच्या, माझी घागर माझ्या हातातून काढून घ्यायच्या, भरायच्या आणि कुणीतरी ती माझ्या उंबऱ्याशी नेऊन ठेवायची. म्हणजे मी नळावर दोन घटकासुद्धा थांबू नये, अशी व्यवस्था. मी घागर ओढली की म्हणायच्या, “ऱ्हाऊ द्या वैनी, तुमी जावा.” पाणी भरायला जाणं एवढाच माझा दिवसातला माणसांत जाण्याचा वेळ होता. तोही त्यांनी हातातून काढून घेतला.

पत्रं बंद झाली. कृष्णात गल्लीत शिरलेला मला दिसायचा. दारोदार थांबतानाही दिसायचा. पण दुपारी पायरी रिकामी. त्या सात-आठ दुपारी मी सोप्यात पाट मांडून बसून राहिले. एखाद्या मामलेदाराला कामावरून काढलं आणि कुणी तसं सांगायला आलंच नाही, तर तो कचेरीत जसा बसेल तशी. एके दुपारी मांजर पायरीवर येऊन बसलं तेव्हा मला रडू आलं.

आता चष्मा आणायचा, असं मी ठरवलं. चष्मा आला की ह्यांचं कार्ड वाचता येईल, गल्लीची पत्रं परत येतील, मी पुन्हा वर बसेन.

संक्रांतीच्या बांगड्या भरायला इमामबी आली. इमामबी मणेरीण, साठीच्या पलीकडची. गल्लीतल्या एकूण एक बाईचं मनगट तिला पाठ होतं. तिनं माझा हात दाबून, वळवून नेहमीच्या मापाची बांगडी चढवायला घेतली. बांगडी अंगठ्याशी अडली. दुसरी घेतली, ती पिचली. तिनं हात तसाच धरून ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

“हात भरला की बेटी.”

“पेरू फार खाल्ले,” मी म्हटलं. “चाची, चष्मा कुठं मिळतो?”

“चष्मा? बाजारात बसतोय एक मानूस, आईच्या देवळाकडं जाताना. पर चष्म्यानं न्हाय जायचं हे.”

“मग कशानं जाईल?”

“जाईल आपसूक,” इमामबी म्हणाली आणि पुढं माझ्याच तोंडाकडं बघत बसली, जणू आता माझी बोलायची पाळी आहे. मी पिचलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करू लागले. तिनं उसासा टाकला, मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि गेली. बाईमाणसानं चष्मा लावणं म्हातारीला रुचलेलं नाही, एवढाच अर्थ मी काढला.

चष्मेवाला गोणपाटावर दुकान मांडून बसला होता. त्याची डोळे तपासायची रीत अशी, की चष्मा नाकावर ठेवायचा आणि विचारायचं, “देवळाचा कळस दिसतोय का?” कळस दिसला. पितळी काड्यांचा, जात्याच्या पाळीएवढा जड तो चष्मा मी घेतला. पुढं कळलं की कळस मला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. अडचण जवळचं वाचायची होती आणि ते विचारायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

चष्मा लावून गल्लीत शिरले तर जमीन गुडघ्यापर्यंत वर आलेली. मी प्रत्येक पाऊल जिना चढल्यासारखं टाकत होते. समोरून केरबा आला, थबकला, फेटा सारखा केला आणि मला चक्क मुजरा घातला. कुणी साहेबाची मड्डम लुगडं नेसून आलीय, असं त्याला वाटलं. ओळखल्यावर तो “आयला” म्हणून जो धावत सुटला तो थेट तानाबाईपाशी जाऊन थांबला असावा. चष्म्यातून कार्ड बघितलं. आधी एक कार्ड दिसत नव्हतं, आता दोन दिसेनात.

तरी संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या केल्या. कार्डात ‘येतो’ आहे हे मी ठरवून टाकलं होतं आणि आपणच ठरवलेलं खोटं मानायला माणसाला जड जातं. सकाळपासून चष्मा लावून दारात उभी राहिले. पिशवी घेतलेला प्रत्येक पुरुष मला ह्यांच्यासारखा दिसत होता. एकाला बघून मी पदर सारखा केला आणि हसलेसुद्धा; जवळ आल्यावर तो मीठ विकणारा निघाला. त्यानं मला दोन मापटी मीठ जास्त दिलं. दिवे लागायच्या वेळी मी दार लावून घेतलं. पोळीचा वास सोसवेना, म्हणून सगळ्या पोळ्या मांजरापुढं ठेवल्या. त्यानंही एकच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून नळावर गेले. घागर मीच उचलायची, कुणाला हात लावू द्यायचा नाही, असा निश्चय होता. घागर भरली, कमरेवर घेतली, पाऊल टाकलं आणि जिथं जमीन असायला हवी होती तिथं ती नव्हती. नळाच्या पन्हळीत पाय गेला. एकदम सहा-सात बायकांनी मला झेललं; त्यांत गल्लीत बांगड्या भरायला आलेली इमामबीही होती. घागर फुटली, चष्मा पाण्यात गेला. आणि इतके दिवस न बोललेली तानाबाई सगळ्यांच्या देखत माझ्यावर ओरडली,

“अगं, जिवाला सांभाळायचं कळतंय का न्हाय तुला? चल दवाखान्यात. चाची, तुमीबी चला.”

तिनं मला ‘तू’ म्हटलं, हे माझ्या लक्षात आलं. एरवी मी रागावले असते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पण त्यांच्याआधी कंपाउंडर होता आणि त्याच्यापुढं नोंदवही होती.

“नवऱ्याचं नाव?”

नवऱ्याचं नाव कसं घेणार? ते मी आजही या गोष्टीत घेतलेलं नाही.

“नाव सांगितल्याबिगर औषध न्हाय, बाई. रकाना मोकळा ऱ्हात न्हाय माझा.”

मी तानाबाईकडं बघितलं. तिला ते फक्त ‘मोजणीवालं’ म्हणून माहीत. इमामबीचंही तसंच. “मोजणीवालं लिवा की,” तानाबाई म्हणाली. “मोजणीवालं हे नाव हाय व्हय?” कंपाउंडर म्हणाला. “देवाचं नाव आहे,” मी म्हटलं. “देव तेहतीस कोटी हायती.” मग मी म्हटलं, द्या, मी लिहिते. त्यानं टाक दिला. मी लिहिलं, पण रकाना कुठं संपतो ते मला दिसत नव्हतं, त्यामुळं नाव वरच्या ओळीतल्या नावावर चढलं आणि आडनाव टेबलावर गेलं. “अरारारा,” कंपाउंडर म्हणाला. शेवटी मी सांगितलं, “ज्याला मोदक लागतात.”

“गणपतराव व्हय? मग आदी सांगायचं की,” असं म्हणून त्यानं रकाना भरला आणि टेबल पुसायला घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी पापण्या वर करून डोळे बघितले, हातपाय दाबून बघितले, आणि मग डोळ्यांशी काही संबंध नसलेला प्रश्न विचारला. “बाहेर कधी बसला होता?”

मला सांगता येईना. माझं ते कधीच वेळेवर नसायचं. वर्षापूर्वी एकदा दोन महिने काही झालं नव्हतं. मी ह्यांना हळूच सांगितलं होतं, ह्यांनी पेढे आणले होते, आणि तिसऱ्या दिवशी मी बाजूला बसले. पेढे मुंग्यांनी खाल्ले. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं होतं.

“दिवाळीच्या आदी,” तानाबाई मागून म्हणाली. “वसुबारसेच्या आदी चार दीस.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “दिवस आहेत तुम्हाला. तिसरा लागला असेल. या दिवसांत काहींच्या डोळ्यांत असा फरक पडतो. बाळंत झाल्यावर बहुतेक जातो. तोवर चष्मा घेऊ नका. पण डोळ्यांपुढं काजवे चमकले, डोकं फार दुखलं, तोंड सुजलं, तर तशाच उठून इथं या.”

बाहेर पायऱ्यांवर आम्ही तिघी बसलो. गल्लीत पहिल्यांदा बातमी वाचणारी मी. आणि माझीच बातमी मला सगळ्यांत शेवटी कळली होती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिवाळीपासनं तुझ्या दारात भाकरी ठिवायची येळ आली न्हाय मला,” तानाबाई म्हणाली. “अक्षर येत न्हाय, पर दीस मोजता येत्यात की.”

“आन मला तुझा हात बोलला,” इमामबी म्हणाली.

“मग सांगितलं का नाही?”

“आमी कसं सांगायचं? जिचं तिनं सांगावं. तिसरा म्हैना सरल्याबिगर दुसऱ्यानं तोंडातनं काढू न्हाई. आमी वाट बगत बसलो, आज सांगंल, उद्या सांगंल. तुझं तोंडच उगडंना. मला वाटलं, शिकलेली हाय, आमच्यासारखीला कशाला सांगंल.” तानाबाईनं दुसरीकडं बघितलं. “घागर उचलू दिली न्हाय, तरी तुला कळंना. डोळं शिणाय नकोत म्हणून पत्रं आणली न्हाईत.”

मी विचारलं, “आणि कबनूरला काय झालं?”

“व्हायचंय काय? दादानं लिवलंतं, लगीन मोडलं, आन केरबानं तोंड दावू नगं. आन आमी दोघं नारळ घिऊन दारात हुबी.”

“अगं आई गं.”

“घरदार रडत बसलंतं. केरबानं दादाला मिठी मारली आन त्याच्यापरास मोठ्यानं रडला. भांडान मिटलं. हिराचं न्हाय जमलं ते न्हाय जमलं.” तानाबाई म्हणाली. “मला हितंच शंका आलती. पर केरबाला एवढं बरं वाटलं की मागं फिरवंना. खरं पत्र तू अडखळत वाचतीस, वैनी. मधीच थांबतीस, डोळं बारीक करतीस. ते तू एका दमात वाचलंस.”

घरी आल्यावर मी कृष्णातला हाक मारली. सोप्यात त्याला पाट दिला, आणि मी पायरीवर तानाबाई आणि इमामबीच्या मधे बसले. पायरी दगडाची होती आणि थंड होती. दोन वर्षं मी त्यांना त्या थंड दगडावर बसवत होते.

कृष्णातनं वाचलं. संक्रांतीला येणं होत नाही. मांजराचं समजलं. गोवऱ्या कोरड्या जागी ठेवाव्या. कडी केरबाकडून बसवून घ्यावी. मग त्यानं कार्ड आडवं केलं आणि थांबला.

“ह्ये तुमचं तुमी वाचा, वैनी.”

“मला दिसत असतं तर तुला बसवलं असतं का? वाच.”

त्यानं खाली मान घालून वाचलं. “‘मागे विचारले तेव्हा तू रडलीस, म्हणून निघताना विचारले नाही. काही सांगण्यासारखे असेल तर कळव. नसेल तरी कळव.’”

ते कार्ड महिनाभर माझ्या देवांखाली पडून होतं. तिकडं डोंगरात तंबूत बसून तो माणूस महिनाभर उत्तराची वाट बघत होता, आणि न आलेल्या उत्तराचा त्यानं काय अर्थ काढला असेल तो मला कळत होता. सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते आणि मला वाटत होतं, माझ्याशी कुणी बोलत नाही.

त्याच दुपारी मी बोरूनं उत्तर लिहिलं. मला दिसेल एवढं अक्षर काढायचं तर ते लिंबाएवढं झालं. अख्ख्या कार्डावर तीनच शब्द बसले. वर ‘आहे’. खाली ‘मोठे लिहा’. कृष्णात म्हणाला, एवढ्याशा मजकुराला कार्ड कशाला वाया घालवता? मी म्हटलं, ने.

अकरा दिवसांनी उत्तर आलं. तानाबाई आणि इमामबी कृष्णातच्या मागोमाग आल्या आणि मी वर या म्हटलं तेव्हा दोघी सोप्यात माझ्या शेजारी बसल्या. ह्यांनी जन्मात पहिल्यांदा कागद वाया घालवला होता. वर लिंबाएवढ्या अक्षरात ‘आनंद’. खाली तेवढ्याच अक्षरात ‘रजा नाही’. मला स्वच्छ वाचता आलं. समासात सवयीनं एक आडवी ओळ मात्र मोहरीएवढीच होती. ती मी पुढं श्रावणात, बाळंतीण झाल्यावर डोळे निवळले तेव्हा वाचली, आणि ती इथं सांगणार नाही.

“काय म्हंत्यात?” तानाबाईनं विचारलं. “कवा येत्यात?”

मी कार्डाकडं बघितलं. ‘रजा नाही’ चांगलं टपोरं होतं. दोघी माझ्याकडं बघत होत्या.

“‘पत्र पावले,’” मी वाचलं. “‘वाचून फार आनंद झाला. आठ दिवसांत रजा घेऊन येतो. जिवाला जपणे.’”

कुठंही अडखळले नाही. एका दमात वाचलं.

इमामबीनं अल्लाचं नाव घेतलं. तानाबाईनं माझ्या हातातून कार्ड घेतलं, समासातल्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं.

“आन ह्ये ऱ्हायलं की वाचायचं,” ती म्हणाली. “थांब, मी वाचती. ‘तानाबाईस सांगणे, मला यायला लई येळ लागंल. तवर हिला एकलीला ठिवू नगा. दोन्ही येळची भाकरी तुमच्याकडं, आन रातीला बहिरीला न धाडता सोता निजाय या.’”

ती एका दमात वाचत गेली. कार्ड तिनं उलटं धरलं होतं.